रंग-अतिसंवाहक क्वार्कद्रव्यातील कणसदृश उत्तेजने : एक परिचय

प्रस्तावना

प्रोटॉन व न्यूट्रॉन हे क्वार्कांचे बनलेले असतात, हे विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. मात्र प्रचंड दाबाखाली न्यूट्रॉनची वेस ओलांडून क्वार्क मोकळे झाले, तर त्या द्रव्याचे वर्तन कसे असेल, हा प्रश्न आजही संशोधनाच्या सीमेवर आहे. सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान जेमतेम १२ किलोमीटर त्रिज्येत सामावणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात असे द्रव्य असू शकते. ते तेथे आहे, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. असल्यास ते ओळखावे कसे, याचे उत्तर त्यातील उत्तेजनांच्या आधारे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

क्वार्कांच्या जोड्या

१९५७ साली बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी धातूंतील अतिसंवाहकतेची उपपत्ती मांडली. इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटतात. तरीही स्फटिकाच्या कंपनांमुळे त्यांच्यात अल्पसे आकर्षण निर्माण होऊन त्यांच्या जोड्या जुळतात. क्वार्कांना अशा मध्यस्थ कंपनांची आवश्यकता नसते. त्यांच्या ठिकाणी ‘रंग’ नावाचा तीन प्रकारचा भार असतो आणि भिन्न रंगांच्या क्वार्कांमध्ये ग्लुऑनांच्या देवघेवीतूनच आकर्षण उत्पन्न होऊ शकते. या जोड्यांमुळे निर्माण होणाऱ्या अवस्थेस ‘रंग-अतिसंवाहकता’ म्हणतात.

जोडी मोडण्यासाठी किमान काही ऊर्जा द्यावी लागते. तिला आपण ‘ऊर्जा-फट’ म्हणू. ही फट काही दशलक्षांच्या दहापटींपासून १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत असू शकते, असे १९९८ साली दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखविले. त्या तुलनेत १० कोटी केल्विन तापमानाचा ताराही ‘थंड’च ठरतो, कारण त्या तापमानाशी निगडित ऊर्जा केवळ ९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते.

उत्तेजनांचे प्रकार

घनता अत्युच्च असता अप, डाउन व स्ट्रेंज हे तिन्ही क्वार्क जोड्यांत सहभागी होतात. अल्फर्ड, राजगोपाल व विल्चेक यांनी वर्णिलेल्या या अवस्थेत रंग व स्वाद परस्परांशी बांधले जातात. तिच्यातील उत्तेजने तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार क्वार्कसदृश कणांचा. हे शुद्ध क्वार्क नसून क्वार्क व त्याची रिक्त जागा यांचे मिश्रण असतात. तीन रंग व तीन स्वाद मिळून त्यांचे नऊ प्रकार होतात. पैकी आठांची ऊर्जा-फट समान, तर नवव्याची साधारणतः दुप्पट असते.

दुसरा प्रकार बलवाहकांचा. आठ ग्लुऑन व एक फोटॉन अशा नऊ वाहकांपैकी आठ संयोग वस्तुमान धारण करतात. फोटॉन व एका ग्लुऑनचे एक मिश्रण तेवढे वस्तुमानरहित राहते. या नव्या फोटॉनच्या दृष्टीने मोजल्यास क्वार्कांचे भार अपूर्णांक न राहता पूर्णांक होतात, ही लक्षणीय बाब होय.

तिसरा प्रकार हलक्या सामूहिक उत्तेजनांचा. हे द्रव्य अतिप्रवाहीही असल्याने त्यात वस्तुमानरहित फोनॉन असतो; अत्युच्च घनतेस त्याचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ५८ टक्के असतो. त्याखेरीज मेसॉनसदृश उत्तेजने आढळतात. नेहमीच्या जगात पायॉन केऑनपेक्षा हलका असतो. येथे हा क्रम उलटा होतो.

निरीक्षणाशी संबंध

जोड्या जुळल्याने द्रव्याच्या दाबात पडणारा फरक अल्प असतो. म्हणून केवळ ताऱ्याचे वस्तुमान व त्रिज्या यांवरून ही अवस्था ओळखणे कठीण आहे. उत्तेजनांच्या बाबतीत मात्र चित्र पालटते. ऊर्जा-फटीमुळे क्वार्क जवळजवळ निद्रिस्त राहतात. त्यांची उष्णताधारकता व न्यूट्रिनो-उत्सर्जन नगण्य होते आणि उष्णतावहनाचे काम फोनॉनसारख्या हलक्या उत्तेजनांकडे येते. श्यानताही घटते. याच आधारे मॅडसन यांनी २००० साली असे दाखविले, की संपूर्ण तारा या अवस्थेतील क्वार्कद्रव्याचा असेल, तर त्यात उद्भवणाऱ्या अस्थिर लहरी त्याचे वेगवान भ्रमण टिकू देणार नाहीत. प्रत्यक्षात सेकंदाला ७१६ फेऱ्या घेणारा स्पंदक २००६ साली नोंदविला गेला. त्यामुळे संपूर्ण ताऱ्याचा हा पर्याय मागे पडतो. केवळ गाभ्यापुरती शक्यता मात्र खुली राहते.

समारोप

तात्पर्य, द्रव्य कशाचे बनले आहे एवढे सांगून त्याचे वर्णन पुरे होत नाही. अल्प ऊर्जा दिल्यास त्यात काय जागे होते, हेही सांगावे लागते. ‘कण’ ही संकल्पना माध्यमनिरपेक्ष नाही, हा बोध पदव्युत्तर अध्यापनातही उपयुक्त ठरावा. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीतून स्पंदकांचे वेध घेतले जातात. अशा वेधांतील भ्रमणाच्या अचूक नोंदींमुळेच ताऱ्याच्या अदृश्य गाभ्याविषयीचे सिद्धान्त कसोटीस लागू शकतात.