सुईत मशीन नसते : ‘नॅनो’ लसीबद्दल थोडे

रिद्धपूरच्या बस्तीत वंदना आटोपल्यावर आम्ही बाळांच्या लसीकरणाविषयी बोलत होतो. एक आजीबाई म्हणाल्या, “काहो ताई, आता सुईतून नॅनो का काय ते टाकतात म्हणे. मशीन तं नाही ना थे?” दोघी-तिघी हसल्या, पण शंका त्यांच्याही मनात होतीच. नातवाचा एक डोस त्याच भीतीने राहिला होता.

नॅनो म्हणजे फक्त माप. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. आपल्या बाळांना जन्मतः आणि पुढे पेंटाव्हॅलंटमधून जी कावीळ ‘ब’ची लस मिळते, तिचे कण सुमारे 22 नॅनोमीटरचे असतात. यीस्टच्या पेशींत त्या विषाणूचे नुसते वरचे प्रथिन तयार करतात. त्याचे आपोआप गोल कण बनतात. आत विषाणू नसतो, म्हणून त्यातून आजार होत नाही. मग कण कशाला? सुटे प्रथिन शरीराकडून दुर्लक्षित राहू शकते. तेच प्रथिन एका कणावर दाटीने बसले, की आपल्या संरक्षक पेशी लगेच सावध होतात.

कोरोनाच्या वेळी याच्या पुढचे काम झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होव्हॅक्सला डिसेंबर 2021 मध्ये भारतात परवानगी मिळाली. मूळ रचना अमेरिकेतल्या नोव्हाव्हॅक्स कंपनीची. विषाणूचा काटा म्हणजे ताणून ठेवलेला उंदराचा चाप. सुटला की त्याचा आकारच बदलतो. शरीराने ओळखायला हवा तो न सुटलेला चाप. म्हणून त्या प्रथिनातले दोन दुवे बदलून तो जागेवर अडकवला. सोबत एका झाडाच्या सालीतला, आपल्या रिठ्यासारखा फेस करणारा पदार्थ अतिसूक्ष्म कणांच्या रूपात घातला. त्याने शरीराचा प्रतिसाद वाढतो.

पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीच्या लसीला जून 2022 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात प्रथिन नसतेच, ते बनवण्याचा निरोप असतो. हा निरोप, म्हणजे एमआरएनए, फार नाजूक. म्हणून तो स्निग्ध कणांच्या आधाराने पेशीत पोहोचवतात. काम झाले की पेशी तो मोडून टाकते. आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो, तिथे हा निरोप जात नाही. आम्हाला यातले मोठे वाटते ते हे, की ही लस 2 ते 8 अंशांवर टिकते, म्हणजे साध्या लसीच्या फ्रिजमध्ये. परदेशातल्या पहिल्या अशा लसीला उणे 70 अंशांच्या आसपासची थंडी लागायची. तसला फ्रिज खेड्यात कुठून आणायचा?

लस घेतल्यावर दंड दुखतो, एक-दोन दिवस ताप येतो. तीव्र ॲलर्जी क्वचित होते. त्यासाठीच अर्धा तास थांबवून घेतात, घाईने घरी निघू नका.

आजीबाईंच्या नातवाचा राहिला आहे तो पेंटाव्हॅलंटचा चौदा आठवड्यांचा डोस. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात. कार्ड सापडत नसेल तरी बाळाला घेऊन आशाताईंकडे जा.