हाय का रे खोलीवर?

जठारपेठेत शिकायला म्हणून खोली करून राहणारी पोरं वर्षातून दोन-तीनदा खोली बदलत. कधी घरमालकाशी वाजलं, कधी पाणी पुरेना. अशाला गाठायचं तर जुन्या पत्त्यावर जाऊन उपयोग नसे. चौकातल्या पानठेल्यावर विचारावं लागे. ‘‘हाय का रे तो खोलीवर?’’ ‘‘सकाळी होता. आता नाई दिसून रायला.’’

१९९६ साली इस्रायलमधल्या चार तरुणांनी इंटरनेटवर नेमका हाच पानठेला टाकला. यायर गोल्डफिंगर, सेफी विगिसर, अमनॉन अमीर आणि आरिक वार्दी ही ती चौकडी. भांडवल आरिकचे वडील योसी वार्दी यांचं. कंपनीचं नाव मिराबिलिस. त्यांचं ‘आयसीक्यू’ त्याच नोव्हेंबरात आलं. ही तीन इंग्रजी अक्षरं भरभर म्हटली की ‘आय सीक यू’, म्हणजे ‘मी तुला शोधतोय’, असं ऐकू येतं.

निरोप पाठवणं तेव्हा नवं नव्हतं. ईमेल होतं. फिनलंडच्या यार्को ओइकारिनेननं १९८८ मध्येच गप्पांचे अड्डे उघडून दिले होते. पण अड्ड्यावर जाऊन कोण बसलंय ते आपणच बघायचं. आपला माणूस आत्ता, या घडीला, जगात कुठूनही इंटरनेटवर आला आहे का, हे घरबसल्या कळायची सोय नव्हती.

अडचण पत्त्याची होती. मोडेम किरकिरत फोन लागायचा आणि दर वेळी संगणकाला नवा आयपी पत्ता मिळायचा. काल मिळालेला पत्ता आज भलत्याच कुणाचा. आयसीक्यूनं प्रत्येकाला एक कायमचा नंबर दिला. तुम्ही इंटरनेटवर आलात की तुमचा संगणक मिराबिलिसच्या सर्व्हरला कळवणार, ‘हा नंबर आज या पत्त्यावर’. सर्व्हर तुमच्या मित्रांना सांगणार आणि त्यांच्या पडद्यावर तुमच्या नावापुढचं लाल फूल हिरवं होणार. मग बोलणं दोन संगणकांत थेट, जसं ठेल्यावर खोली विचारून घेतली की पुढे आपण आपले जिना चढतो. मित्र नसलाच तर चिठ्ठी सर्व्हरकडे. शिवाय संगणक ठरावीक वेळानं ‘मी आहे’ असं कळवत राही. ते थांबलं की गडी गावाला गेला असं सर्व्हर धरून चाले.

खोट होती ती याच थेटपणात. समोरच्याला तुमचा खरा पत्ता कळायचा आणि टवाळ पोरं त्यावर दगडफेक करून तुमची लाईन पाडायची. चिठ्ठ्याही उघड्या, मधला कुणीही वाचील. आजचं व्हॉट्सअॅप उलटं चालतं. चिठ्ठी ठेल्यावरूनच जाते, पण २०१६ पासून पाकीटबंद.

धंदा म्हणाल तर शून्य. सॉफ्टवेअर फुकट वाटलं जायचं, तरी जून १९९८ मध्ये अमेरिकेच्या एओएलनं मिराबिलिस विकत घेतली. सौद्याची एकूण रक्कम ४० कोटी ७० लाख डॉलरपर्यंत जाणारी. एओएलनं विकत घेतला तो पानवाल्याचा ओळखीपाळखीचा पसारा!

आम्ही सायबर कॅफेच्या प्लायवूडच्या खोपट्यात शिरलो तोवर इकडे याहू मेसेंजरचं राज्य होतं. मुंबईच्या रेडिफनंही ‘रेडिफ बोल’ काढलं होतं. पण याहूवरून आयसीक्यूवाल्याला हाक मारता येत नसे. एका ठेल्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याला दिसतच नव्हतं. देवनागरीच्या फॉन्टची बोंब, म्हणून ‘कसा आहेस’ रोमन अक्षरांत. ती खोड अजून गेलेली नाही.

एओएलनं २०१० मध्ये आयसीक्यू १८ कोटी ७५ लाख डॉलरला एका रशियन कंपनीला विकलं. २६ जून २०२४ ला ते कायमचं बंद झालं.

त्यातली एक सोय मला फार आवडायची. तुम्ही हजर असूनही दिसायचं नाही. यातही जठारपेठेतली पोरं पुढे होती. खाणावळीचे पैसे थकले की ठेल्यावर आधीच सांगून ठेवत, ‘‘भाऊ, कोणी इचारलं तर गावाला गेला म्हना.’’