आधी आसनं, मग ठिकाण

२ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात खासगी गाडीनं जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागेनासा झाला. पाच महिने घरात कोंडून राहिलेल्या नागपूरकरांसाठी रस्ता मोकळा झाला आणि त्याच महिन्यात शहरातली कोविडची पहिली लाट शिगेला पोहोचली. दिवसाला दोन हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडत होते, खाटांसाठी नातेवाइकांची धावपळ चालली होती. सरकारची परवानगी आणि घरच्यांची सुरक्षितता यांचं वेळापत्रक एक नसतं, हे त्या सप्टेंबरात नागपूरच्या घराघरांत कळलं. तरीही माणसं बाहेर पडली. पोरांना शाळा नव्हती, ज्येष्ठांना बागेतला फेरफटका नव्हता, आणि दारात गाडी उभी होती.

तोवर सहलीचं नियोजन म्हणजे ठिकाण ठरवणं. पचमढी की चिखलदरा, एवढं ठरलं की बाकीचं आपोआप होई. महामारीनं हा क्रम उलटा केला. आधी गाडीत कोण बसणार हे ठरवायचं, मग वेळ, मग खाणंपिणं आणि सगळ्यांत शेवटी गाव. हा उलटा क्रमच बरोबर होता, आणि तो नीट समजून घ्यावा असा आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये राज्यातला नियम चालक आणि आणखी तिघं असा होता. त्याआधी तर चालक आणि दोघंच. आई-वडील, दोन मुलं आणि आजी एवढं साधं कुटुंबही एका गाडीत नियमाने मावत नव्हतं. त्यात केंद्राचा सल्ला असा, की पासष्टीपुढच्या व्यक्ती, दहा वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि जुनाट आजार असलेले यांनी गरजेशिवाय घराबाहेर पडू नये. म्हणजे ज्यांच्यासाठी सहल काढायची, त्यांनीच घरी थांबायचं. यातून सुज्ञ घरांनी काढलेली वाट अशी होती: आजी-आजोबांना न्यायचं तर ज्या घरात ते राहतात त्याच घरची माणसं गाडीत घ्यायची, शेजारच्या सोसायटीतला भाचा नाही, ऑफिसातला मित्र नाही. पूर्वी ‘अजून एक जण बसेल, सरका जरा’ हे आतिथ्य होतं. त्या दोन वर्षांत तीच जोखीम झाली.

गाडीतल्या हवेचा प्रश्नही असाच. काचा लावून एसी सुरू केला की चार माणसं एकमेकांचा श्वास घेत बसतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकावर गाडीतल्या वाऱ्याचं गणित मांडलं आणि ते डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालं. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी प्रियससारखी गाडी, पुढे चालक आणि मागे तिरक्या कोपऱ्यात एक प्रवासी, असं चित्र त्यांनी धरलं होतं. चारही काचा उघड्या असणं सर्वांत चांगलं, हे अपेक्षितच. पण दोनच उघडायच्या असतील तर आपल्या शेजारची काच उघडण्यापेक्षा आपल्या विरुद्ध बाजूची उघडलेली बरी, हा निष्कर्ष अनेकांना नवा होता. तसं केलं की चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये वाऱ्याचा प्रवाह पडद्यासारखा उभा राहतो.

आता हे नागपूरच्या उन्हात बसवून पाहावं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा काचा उघड्या ठेवून महामार्गावर जाणं लहान मुलांना आणि वृद्धांना झेपणारं नाही. उष्माघाताचं संकट विषाणूपेक्षा जवळचं होऊन बसतं. पावसाळ्यात काच उघडली की सीट भिजते. म्हणून काचा उघड्या ठेवून फिरायचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. योगायोगाने २०२०-२१ च्या हिवाळ्यात रुग्णही कमी झाले होते. १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली मंदिरं उघडली. २६ जानेवारी २०२१ ला गोरेवाड्याच्या बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानातली सफारी सुरू झाली. जवळच्या सहली त्या हिवाळ्यात झाल्या त्या योग्य वेळी झाल्या.

आणि जवळ म्हणजे तरी काय? नागपूरच्या झिरो माइलपासून शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात जे सापडतं, त्याची किंमत इथल्या माणसाने आजवर कमीच केली. वर्षानुवर्षं नागपूरकर रामटेकला गेला तो गडावर चढून, दर्शन घेऊन, अंबाळा तलावापाशी थांबून परत फिरण्यासाठी. मंदिराचं दार बंद झालं तेव्हा त्याला दिसलं, की त्याच पन्नास किलोमीटरच्या रस्त्यावर अख्ख्या एका साम्राज्याची राजधानी मोकळ्या आभाळाखाली पडली आहे.

रामटेकच्या अलीकडे, महामार्गाला लागूनच मानसर आहे. तिथल्या हिडिंबा टेकडीवर विटांचं भव्य बांधकाम उत्खननात उघडं पडलं. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. रामटेकपासून जवळच नगरधन आहे. आजचा तिथला किल्ला बराच नंतरचा, भोसलेकाळातला मानला जातो, पण हा परिसर म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी सून म्हणून आली आणि पती गेल्यावर लहान मुलांच्या वतीने तिने राज्य चालवलं. पुण्याला सापडलेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनाहूनच दिलेला आहे. पाचव्या शतकाच्या आगेमागे एक राणी इथून कारभार करत होती, ही गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्या तटाजवळ उभं राहून सांगितली तर ती शाळेच्या धड्यापेक्षा खोल जाते.

याच धाग्याने दुसऱ्या रविवारची सहल ठरते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं मत मांडलं होतं. मानसरच्या उत्खननानंतर पारडं दुसरीकडे झुकलं. नागपूरपासून पवनार साधारण सत्तर किलोमीटर. धाम नदीकाठी विनोबांचा परमधाम आश्रम आहे. तिथे जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली, त्यातलं भरत-राम भेटीचं शिल्प विनोबांना फार प्रिय होतं. एका रविवारी मानसर, दुसऱ्या रविवारी पवनार, आणि परतीच्या वाटेवर गाडीत वाद: राजधानी कुठली खरी? मिराशींनीच कालिदासाचा रामगिरी म्हणजे रामटेक हेही ठामपणे मांडलं, तेव्हा वादाला दुसराही विषय मिळतो. या ठिकाणांचा मोठा गुण असा, की पाहण्यासारखं बरंचसं बाहेर, मोकळ्या हवेत आहे.

खाण्याचा प्रश्न विदर्भाने फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे. डबा पार्टी इथे नवी नाही, आणि रोडगे-वांग्याची भाजी हे तर झाडाखालचंच जेवण. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, तूप, वरण आणि भरपूर सांबार म्हणजे कोथिंबीर घातलेली भाजी. धाब्यावरची गर्दी टळते, ताटं घरचीच राहतात. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. जंगलाजवळ चूल पेटवायची नाही. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतं, तेव्हा पेंचच्या आसपास एक ठिणगीही महाग पडते. तिथे रोडगे घरूनच भाजून न्यावेत.

जेवणापेक्षा अवघड प्रश्न स्वच्छतागृहाचा, आणि नियोजनाच्या गप्पांत तो घरातल्या बायकांवर सोडून दिला जातो. हे बरोबर नाही. वाटेवरचे पेट्रोलपंप आधी पाहून ठेवणं, साबण-पाणी गाडीत असणं, हे गाडी चालवणाऱ्याचंही काम आहे. वाटून घ्यायची दुसरी जबाबदारी मुलांच्या सुरक्षेची: पावसाळ्यात धरण-तलावांवर बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पाण्याच्या ठिकाणी पोरांवर एकाची नजर सतत हवी, मोबाइलवर नव्हे.

रामटेक फाट्यापुढे नागपूर-मानसरचा हाच महामार्ग पेंचच्या जंगलातून खवाशाकडे, मध्य प्रदेशात जातो. मानसर-खवासा टप्प्यात वन्यप्राण्यांना ओलांडायला महामार्गाखाली नऊ वाटा बांधल्या आहेत, त्यातली सर्वांत रुंद ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे प्राणी तिथून जाताना टिपले गेले, त्यांत ११ वेगवेगळे वाघ. गाडीतल्या मुलांना हे पुलावरून जाताना सांगावं.

आणखी एक गोष्ट सांगावी. मे २०२० मध्ये याच रस्त्याने दक्षिणेकडून आलेले हजारो मजूर पायी उत्तरेकडे गेले, कडेवर पोरं आणि डोक्यावर बोचकी घेऊन. नागपूरच्या पांजरी टोलनाक्यावर नागरिकांनी आणि संस्थांनी त्यांना जेवण, पाणी, चपला दिल्या. तोच रस्ता चार-पाच महिन्यांनी सहलीचा झाला. ही आठवण मनात असली की रस्त्यावरच्या गावांकडे बघायची नजर बदलते.

कारण गावांचाही एक हिशेब होता. पहिल्या लाटेत अनेक गावांनी वेशीवर काट्या, बांबू आडवे टाकून बाहेरच्यांना रोखलं. शहरातल्यांना राग आला, पण गावकऱ्यांचं चुकलं नव्हतं. जवळचं आरोग्य केंद्र लहान, ऑक्सिजनची खाट तालुक्याला किंवा थेट नागपूरला. एप्रिल २०२१ मध्ये जिल्ह्यात एका दिवसात ७ हजारांवर रुग्ण सापडू लागले, तेव्हा लाट शहरापुरती उरली नव्हती, गावंही आजारी होती. सहलीला निघणाऱ्या कुटुंबाने आपल्याला काय होईल एवढंच नव्हे, तर आपण त्या गावात काय सोडून येऊ, हेही विचारायला हवं होतं. चहाच्या टपरीवर मास्क न काढता पार्सल घेणं ही छोटी वाटणारी गोष्ट टपरीवाल्यासाठी छोटी नव्हती.

कमी अंतराचा फायदा खरा दिसला तो २०२१ च्या फेब्रुवारीत. रुग्ण पुन्हा वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी लागली. चिखलदऱ्याची वाट परतवाडा-अचलपूरवरूनच जाते, त्यामुळे तिथले बेत कोसळले. १५ ते २१ मार्च नागपूर स्वतःच बंद झालं, आणि २२ एप्रिलच्या रात्रीपासून आंतरजिल्हा प्रवासावर पुन्हा निर्बंध आले आणि ई-पास परतला. हॉटेलचे आगाऊ पैसे भरलेले लोक अडकले, किंवा पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ताप अंगावर काढून निघाले. हा दुसरा प्रकार सर्वांत धोक्याचा.

म्हणून जवळच्या सहलीचा सर्वांत मोठा गुण हा, की ती सकाळी सहा वाजताही रद्द करता येते. कुणाचा घसा धरला, कुणाच्या अंगात कणकण आहे, शेजारी रुग्ण निघाला, तर नुकसान एका डब्याचं. आणि रद्द करण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला असावा, सुनेलाही आणि शाळकरी मुलालाही, कारण न सांगता. ताडोबा व्याघ्रप्रकल्पाचं तसं नाही. तिथला बफर १ जुलै २०२० ला आणि गाभा १ ऑक्टोबरला उघडला खरा, पण सफारीची नोंदणी आगाऊ, पैसेही आगाऊ. तिथली तारीख काढायला हवी होती ती रुग्णांचे आकडे सलग काही आठवडे खाली असताना, आणि बुडाले तरी चालतील एवढेच पैसे गुंतवून.