खेळामुळे चारित्र्य घडते का? मैदान, पंचशील आणि आपली तरुण पिढी

एप्रिल उजाडला की कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये दोन तयाऱ्या सोबतच सुरू होतात. एकीकडे विहाराची रंगरंगोटी, निळे झेंडे, मिरवणुकीचे नियोजन. दुसरीकडे काढणी झालेल्या रानात पिच दाबून जयंतीनिमित्त टेनिस बॉल क्रिकेटचे आणि कबड्डीचे सामने. बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पहिल्या, दुसऱ्या बक्षिसाची रक्कम असते. उद्घाटनाच्या भाषणात एक वाक्य हमखास येते: खेळामुळे चारित्र्य घडते.

भाषण संपते, सामने सुरू होतात आणि बाद-नाबादच्या एखाद्या निर्णयावरून स्टंप उपटले जातात. पंच फलंदाजी करणाऱ्या संघाचाच, म्हणून त्याच्यावर विश्वास नाही. कुणी दुसऱ्या गावचा खेळाडू आपल्या नावावर खेळवलेला असतो. मग प्रश्न पडतो की भाषणातले ते वाक्य खरे आहे का? आमचे उत्तर असे आहे: खेळामुळे चारित्र्य आपोआप घडत नाही. खेळताना जे प्रसंग येतात त्यांच्यावर विचार करायला शिकवले, तरच ते घडते. हे शिकवायचे कसे, त्याची पद्धत आपल्या धम्मातच आहे. ती आपण मैदानापर्यंत नेलेली नाही, एवढेच.

आपोआप काही घडत नाही

हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठातल्या शॅरॉन स्टोल आणि जेनिफर बेलर यांनी खेळाडू आणि खेळाडू नसलेले विद्यार्थी यांच्या नैतिक विचारशक्तीची तुलना अनेक वर्षे केली. खेळातले पेच समोर ठेवून ‘हे योग्य की अयोग्य, आणि का’ असे विचारल्यावर खेळाडूंचे गुण इतर विद्यार्थ्यांपेक्षा कमी आले. सांघिक खेळ खेळणारे तर वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांपेक्षाही मागे दिसले.

याचे कारण समजायला अवघड नाही. रोज ‘काहीही करा, पण जिंका’ हेच कानावर पडत असेल, तर मुलगा तेच शिकतो. पंचाला दिसले नाही म्हणजे घडलेच नाही, हा हिशेब त्याच्या अंगवळणी पडतो. हाच हिशेब पुढे परीक्षेच्या हॉलमध्ये, नोकरीत, संघटनेच्या पैशात आणि राजकारणातही चालतो. म्हणून हा विषय फक्त खेळाडूंचा नाही, चळवळीचाही आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नीतीला धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले. ती नीती वंदनेपुरती उरली आणि मैदानावर, बाजारात, कचेरीत दिसलीच नाही, तर आपण धम्म स्वीकारला असे कसे म्हणायचे?

राहुलाला दिलेला धडा

मज्झिम निकायात अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्त आहे. राहुल तेव्हा लहान होता. तथागतांनी त्याला खोटे बोलण्याविषयी समजावले ते पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून. मग त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तथागतांचा धडा असा होता की माणसाने आपले कर्मही असेच पाहावे. शरीराने, वाणीने किंवा मनाने काही करण्याआधी पाहावे, करत असताना पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. याने माझे नुकसान होते का, दुसऱ्याचे होते का, की दोघांचेही? शरीराने किंवा वाणीने चूक झालीच, तर ती जाणत्या माणसासमोर उघड करावी आणि पुढे सावध राहावे.

सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराटजवळच्या शिलालेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे धम्मपाठ सुचवले, त्यांत राहुलाला केलेला हा खोटेपणाविषयीचा उपदेश आहे. म्हणजे हा धडा फक्त भिक्खूंसाठी नाही, आपल्यासाठीही आहे.

या धड्यात नियमांची यादी नाही, विचार करण्याची रीत आहे. अमुक कर, तमुक करू नको असे सांगून तथागत थांबले नाहीत. एका लहान मुलाच्या हातात त्यांनी प्रश्न दिले. प्रशिक्षकाने आणि मंडळाच्या कार्यकर्त्यानेही हेच करायचे आहे.

तीन प्रसंग, तीन चर्चा

पहिला प्रसंग कबड्डीचा. चढाई करणारा खेळाडू डावीकडे झुकल्याचे भासवतो आणि उजव्या कोपऱ्याला हात लावतो. ही हुलकावणी म्हणजे मुसावाद, खोटेपणा झाला का? मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा, कारण तो वाटतो तितका सोपा नाही. आमच्या मते हा खोटेपणा नाही. हुलकावणी हा खेळाचाच भाग आहे हे दोन्ही संघांना माहीत असते. दोघांनी ते मान्य करूनच मैदानात पाय ठेवलेला असतो आणि उद्या तीच चाल समोरचाही आपल्यावर वापरू शकतो. पण त्याच चढाईत बचावपटूच्या पायाला चढाईपटूचे बोट लागले, पंचाला ते दिसले नाही आणि बचावपटू ‘लागलेच नाही’ म्हणून ओरडला, तर ते वेगळे आहे. असे खोटे बोलायला समोरच्या संघाने कधीच संमती दिलेली नव्हती. डावपेच आणि फसवणूक यांच्यातला हा फरक ज्या मुलाला उमजला, त्याला नीतिशास्त्राचा एक मोठा धडा समजला.

दुसरा प्रसंग क्रिकेटचा. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टीरक्षकाच्या हातात गेला, पण पंचाने बाद दिले नाही. फलंदाजाला कड लागल्याचे माहीत आहे. त्याने स्वतःहून निघून जावे का? मुले इथे चांगला वाद घालतात. एक म्हणतो, निर्णय देणे हे पंचाचे काम आहे; माझ्या विरुद्ध चुकीचा निर्णय गेला तर तो तरी कुठे परत मिळतो? या युक्तिवादात तथ्य आहे, तो झिडकारू नये. मात्र एक प्रश्न जोडावा: जयंतीच्या सामन्यात पंच तुमच्याच संघाचा मुलगा असेल तर? तिथे पंच खरा तटस्थ नसतो. म्हणून खेळाडूवरची जबाबदारी वाढते. नियम तोच, पण परिस्थिती बदलली की कर्तव्यही बदलते. विचार करायला शिकणे म्हणजे हेच.

तिसरा प्रसंग मैदानाच्या कडेचा आणि जास्त गंभीर आहे. आपल्या भागातली शेकडो मुले-मुली पहाटे उठून पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. काही सेकंदांवर घराचे नशीब टांगलेले असते. अशा वेळी कुणीतरी येऊन सांगतो, एक इंजेक्शन घे, दम लागणार नाही. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात; तिथे वय कमी दाखवणारे दाखले निघतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी न खेळलेल्या स्पर्धांची बोगस प्रमाणपत्रे वापरल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत.

इथे शिलांचा विचार नीट लावावा. उत्तेजक द्रव्याला पाचवे शील लगेच लावता येईल असे वाटते. पण ते शील मन बेसावध करणाऱ्या नशेविषयी आहे. इंजेक्शनवाल्या मुलाचे मन बेसावध नसते, उलट त्याचा हिशेब पक्का असतो. म्हणून दुसरे शील पाहावे: जे दिलेले नाही ते न घेणे. भरतीतली ती एक जागा पहाटे चार वाजता उठून प्रामाणिकपणे धावलेल्या दुसऱ्या मुलाची होती. कदाचित तो आपल्याच वस्तीतला असेल. बोगस प्रमाणपत्राचेही तेच. आरक्षण हे हक्काचे साधन आहे हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक आहे? कोणतेही आरक्षण खोट्या कागदावर लाटले गेले, तर आपण गप्प बसू शकत नाही.

आणि शरीराचे काय? सोण नावाच्या भिक्खूने साधनेत इतकी टोकाची मेहनत घेतली की त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तथागतांनी त्याला वीणेचे उदाहरण दिले: तार फार ताणली तरी सूर निघत नाही आणि फार सैल सोडली तरीही नाही. भरतीच्या तयारीत दुखापत लपवून धावणाऱ्या मुलीला आणि तिला धावायला लावणाऱ्या प्रशिक्षकालाही हे सांगायला हवे.

नियम पाळणे एवढेच पुरेसे नाही

इथपर्यंतचे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे चारित्र्य म्हणजे मुकाट्याने नियम पाळणे. आपल्या समाजाने तरी असे म्हणता कामा नये. शतकानुशतके ‘नियम’ म्हणून आपल्यावर काय लादले गेले, ते आपण जाणतो. म्हणून बाळू पालवणकर आणि त्यांच्या भावांचा इतिहास प्रत्येक जयंतीच्या मैदानावर सांगितला पाहिजे.

चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात क्रिकेट क्लबच्या मैदानाची झाडलोट करत, खेळपट्टी तयार करत आणि इंग्रज साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत. तिथूनच ते देशातले श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. तरुण भीमराव आंबेडकर त्यांचे चाहते होते.

१९२० साली बाळूंना संघातून वगळले गेले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांना कर्णधारपदासाठी डावलले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे हे होत असल्याचे जाहीर निवेदनातून सांगितले. पुढे संघाला बाळूंना परत घ्यावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्रही लिहिले आहे.

स्टंप उपटून निघून जाणारा संघ आणि १९२० मध्ये माघार घेणारे हे भाऊ, दोघेही वरवर पाहता खेळायला नकारच देत होते. पण राहुलाचा प्रश्न लावा. पहिल्याला एक निर्णय स्वतःच्या बाजूने हवा असतो. दुसऱ्यांना सगळ्यांसाठी न्याय्य नियम हवा होता. त्यांनी कारण उघड सांगितले, कुणावर हात उगारला नाही आणि नुकसान स्वतः सोसले. अन्यायाविरुद्ध उभे राहतानाही कर्माकडे आरशासारखे पाहता येते, हे त्यातून दिसते. आपल्या गावातल्या स्पर्धेत आपल्या वस्तीचा संघ घ्यायला कुणी टाळाटाळ केली, तर उत्तर याच रीतीने द्यायचे.

पुढे बाळू काँग्रेसकडून राजकारणात गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून हरले. त्यांची ती भूमिका आपल्याला मान्य नाही. पण त्यासाठी त्यांच्या गोलंदाजीचा आणि त्यांनी सोसलेल्या अपमानाचा इतिहास पुसायचे कारण नाही. प्रतिस्पर्ध्याला त्याच्या वाट्याचा मान देणे, हाही खेळाचाच धडा आहे.

वस्तीत काय करता येईल?

यासाठी निधी लागत नाही की मोठी संघटना. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने एवढे करावे:

१. पंच दोन्ही संघांबाहेरचे असावेत. नियम आधीच कागदावर लिहून कर्णधारांना वाचून दाखवावेत. मुलांना मोहात ढकलून नंतर उपदेश करण्यात अर्थ नाही.

२. सामन्याआधी दोन मिनिटे दोन्ही संघांनी एकत्र बसावे. आज आपण काय करणार नाही, हे मुलांनीच ठरवावे.

३. सामन्यानंतर किंवा संध्याकाळी विहारात अर्धा तास चर्चा ठेवावी. आज कुठला प्रसंग अवघड होता? कुणाचे नुकसान झाले? पुन्हा तसे घडले तर काय करू? कार्यकर्त्याने उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावेत. चूक कबूल करणाऱ्याची टिंगल होऊ देऊ नये.

४. प्रामाणिकपणे स्वतःविरुद्ध निर्णय देणाऱ्या खेळाडूचे नाव बक्षीस समारंभात घ्यावे, रोख रक्कम देऊ नये. प्रामाणिकपणाचीही बोली लागली तर तो उरणार नाही.

५. मुलींचे सामने त्याच मैदानावर, त्याच दिवशी, तेवढ्याच बक्षिसाचे ठेवावेत. समतेवर भाषण देऊन मैदान फक्त मुलांना देणे योग्य नाही.

६. पैज लावणाऱ्यांना मैदानाबाहेर काढावे. माळेगावच्या यात्रेतली कुस्ती पाहायला लोक लांबून येतात, कारण पैलवान खरे लढतील असा त्यांचा विश्वास असतो. नूरा कुस्ती लागली, म्हणजे निकाल आधीच ठरला, की त्या विश्वासाचीच चोरी होते.

कोसलचा राजा पसेनदी अजातशत्रूकडून हरला, तेव्हा तथागतांनी जय आणि पराजय या दोन्हींच्या पलीकडच्या शांतीविषयी सांगितले. ते ऐकून आपण स्पर्धा सोडावी असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलांनी जोर लावून खेळावे, जिंकावे, भरती व्हावे, देशाच्या संघात जावे. फक्त जिंकल्यावर त्यांना वस्तीतल्या प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा भिडवता आला पाहिजे आणि हरल्यावर पुढच्या सकाळी मैदानावर यावेसे वाटले पाहिजे. येत्या जयंतीच्या स्पर्धेचा बॅनर छापायला टाकण्याआधी मंडळाच्या बैठकीत वरच्या सहा गोष्टी वाचा, त्यांतल्या निदान तीन ठरवा आणि तिथूनच सुरुवात करा.

जय भीम! नमो बुद्धाय!