भेकराची ओळख आणि वालाची राखण



भात कापून होते, खाचरात ओल आहे तोवर आपण वाल टोकतो, आणि कोंब वीतभर वर आले की रानालगतच्या गावांतून एकच तक्रार सुरू होते : "साहेब, रात्री हरणं येतात आणि शेंडे खाऊन जातात." बारवी धरणाच्या बाजूची गावे घ्या, कोंडेश्वर-भोजकडची घ्या, नाहीतर चंदेरी आणि मलंगगडाच्या पायथ्याची घ्या, बोलणे हेच. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर म्हटले की लोकांना कारखाने, इमारती आणि लोकलची गर्दी आठवते. पण रेल्वेच्या रुळापासून चार-सहा मैलांवर रान सुरू होते आणि त्या रानात जनावर आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडे ज्याला नुसते हरीण म्हणतात ते बहुतेक वेळा भेकर असते. ठिपक्यांचे चितळ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कळपाने दिसते. सांबर हे मोठ्या रानाचे जनावर, भीमाशंकरकडचे. त्याचा नर अडीचशे-तीनशे किलोपर्यंत भरतो. भेकर मात्र गावठी शेळीएवढे. खांद्यापाशी उंची सुमारे दोन फूट, वजन २० ते ३० किलोच्या आसपास, रंग तांबूस. मागचा भाग जरा उंच आणि मान खाली घातलेली, त्यामुळे झुडपात शिरायला ते मुद्दाम घडवल्यासारखे दिसते.

नराला आखूड शिंगे असतात. ती कपाळावरच्या केसाळ खुंटांवर उगवतात आणि त्या खुंटांचे दोन कंगोरे खाली चेहऱ्यापर्यंत उतरलेले दिसतात. मादीला शिंगे नसतात, त्या जागी केसांचे झुपके असतात. हरणाची शिंगे म्हणजे भरीव हाड. ती गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. शेळीची, काळविटाची किंवा चौशिंग्याची शिंगे आतून पोकळ, हाडाच्या गाभ्यावर बसलेली, ती जन्मभर राहतात. म्हणून चौशिंग्याला आपण हरीण म्हटले तरी शास्त्राप्रमाणे तो हरणांच्या कुळातला नाही. भेकराच्या नराला शिंगांखेरीज वरच्या जबड्यात दोन सुळे असतात. दोन नर भांडले तर खरी जखम होते ती या सुळ्यांनी. कुत्र्यालाही तो फाडू शकतो, हे पाळीव कुत्रे अंगावर सोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

जाता जाता एक नवल सांगतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत इतकी कमी दुसऱ्या कोणाला नाहीत. वालाच्या राखणीला याचा उपयोग शून्य, पण आपल्या बांधावर येणारे जनावर जगभरच्या प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहे हे कळलेले बरे.

भेकर कळपाने राहत नाही. एकटे, फार तर जोडीने, किंवा मादी आणि पाडस. डोळ्यांजवळच्या आणि कपाळावरच्या ग्रंथींचा वास जमिनीला, झुडपांना लावून ते आपली हद्द आखते. विणीचा ठरावीक हंगाम नसतो, वर्षात कधीही पाडस होते. गाभणकाळ साधारण सहा ते सात महिने आणि पाडस बहुधा एकच. मादी ते दाट गचपणात लपवून चरायला जाते. पाडसाच्या अंगावर ठिपके असतात, ते हालत नाही, आवाज करत नाही. गवत कापायला गेलेल्याला वाटते, आई मेली असणार, बिचारे पोरके आहे. मग घरी आणून त्याला गाईचे दूध पाजतात आणि बहुधा चार दिवसांत ते मरते. बाबांनो, आई जवळच कुठेतरी असते, माणूस गेल्यावर ती येते. पाडसाला हात लावू नका, आहे तिथेच राहू द्या आणि कुत्रे लांब न्या.

त्याचे खाणे म्हणजे पडलेली फळे, कोवळी पाने, कोंब, बिया. उंबर, आवळा, करवंद, आपली बदलापूरची जांभळे, जे खाली पडेल ते. भातकापणीनंतर रानातला कोवळा पाला कमी होत जातो, गवत वाळते, आणि नेमके त्याच वेळी खाचरात हिरवागार वाल, चवळी, बांधावर काकडी-भेंडी उभी असते. मग ते इकडे वळले तर त्यात नवल कसले?

पण आळ घेण्याआधी खूण पाहा. भेकराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, जसे गाईला नसतात. त्यामुळे ते शेंडा ओढून तोडते आणि तुटलेली कड फाटल्यासारखी राहते. सशाने खाल्ले असेल तर चाकूने तिरका छेद घेतल्यासारखी स्वच्छ कड दिसते. रानडुकराचे काम वेगळेच, ते मुसकटाने जमीन उकरून ठेवते आणि पीक आडवे करते. भेकराच्या पायाची खूण लहान, दोन खुरांची, पुढे टोकदार. शेळीच्या खुराशी मात्र गल्लत होते, तेव्हा आधी शेजाऱ्याची शेळी रात्री बांधलेली होती का, हे विचारून घ्यावे! बऱ्याच वेळा डुकराचे पाप भेकराच्या माथी बसते आणि उपाय चुकतो.

उपायात पहिले कुंपण. सांबर उंच उडी मारते, भेकर मात्र बहुधा खालची फट शोधते. म्हणून पाच फुटांची उंच काटी घालून खाली हातभर जागा सोडली तर पैसे आणि श्रम दोन्ही वाया. खालचे दीड-दोन फूट गच्च विणा. करवंद, सागरगोटा, चिलार, घायपात यांची जिवंत वई केली तर पहिली दोन-तीन वर्षे मेहनत आहे, नंतर ती आपोआप राखते. चार शेजाऱ्यांनी मिळून एकच मोठी वई घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला काम कमी येते. जुन्या साड्या बांधणे, पत्र्याचे डबे वाजवणे याने काही दिवस फरक पडतो, मग जनावर सरावते. दर आठवड्याला जागा आणि प्रकार बदलत राहा. अमेरिकेत हरणांसाठी सडक्या अंड्याच्या वासाचे फवारे वापरतात. आपणही पाण्यात अंडी फेटून, दोन दिवस ठेवून, गाळून बांधावरच्या झुडपांवर मारून पाहायला हरकत नाही. खायच्या शेंगांवर, भाजीवर मात्र मारू नये.

अमेरिकेतले ते हरीण पांढऱ्या शेपटीचे. धोका दिसला की शेपूट उभारून आतला पांढरा भाग दाखवत पळते. आपले भेकरही पळताना तसेच करते. तिकडे शिकारीने ते फार घटले होते. पुढे संरक्षण मिळाले, पण त्याला खाणारे लांडगे बहुतेक भागांतून आधीच नाहीसे झाले होते, आणि आज ही हरणे कोट्यवधी होऊन पिकांना भारी झाली आहेत. आपल्याकडे ते काम बिबट्या करतो. रानात भेकर आहे तोवर बिबट्याला खायला रानातच आहे. ते संपले तर तो गोठ्याकडे आणि गावच्या कुत्र्यांकडे वळणार.

माळ्यावर राखणीला बसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भेकर धोका ओळखले की कुत्र्यासारखे भुंकते, एकदा सुरू झाले की कितीतरी वेळ थांबून थांबून भुंकतच राहते. रानातून असे भुंकणे येऊ लागले तर जवळपास बिबट्या असण्याची शक्यता धरा. एकट्याने खाली उतरू नका, पोरांना शेतावर पाठवू नका, उजेड ठेवा आणि मोठ्याने बोलत राहा.

आता फाशांबद्दल स्पष्ट लिहितो. डुकरासाठी म्हणून तारेचे फासे लावतात, पण फासा जनावर ओळखत नाही. त्यात भेकर अडकते, बिबट्या अडकतो, आपलाच कुत्रा अडकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे; त्याखाली भेकर मारणे, पकडणे, पाळणे, मांस बाळगणे हा गुन्हा असून तुरुंगवास होऊ शकतो. विजेच्या तारेतून आकडा टाकून कुंपणात प्रवाह सोडणे तर त्याहून वाईट. पहाटे पाणी बघायला आलेला घरचाच माणूस त्यात जातो. सडलेले शिंग रानात सापडले तरी घरी आणू नये, तेही सरकारजमाच असते.

पीक खाल्ले गेले तर भरपाई मागता येते. हरणाने केलेले नुकसान वनखात्याच्या योजनेत बसते. मात्र अर्ज घटनेपासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा लागतो. अनेकांचा दावा इथेच बुडतो, कारण आठ दिवसांनी बाजाराच्या दिवशी सवडीने जातात. पंचनामा होईपर्यंत खाल्लेले पीक तसेच राहू द्या, खुरांच्या खुणांवर पाटी उपडी घालून ठेवा, जमल्यास फोटो काढा. सोबत सातबाराचा उतारा जोडा. जखमी भेकर किंवा बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ हा फुकट क्रमांक आहे, त्यावर कळवा आणि माणसे येईपर्यंत भोवती गर्दी करू नका. घाबरलेले भेकर अंगावर जखम नसतानाही नुसत्या धसक्याने मरू शकते.