सीडी प्लेअर घ्यायचा, पण कुठला?

मोबाइलवर जगातली सगळी गाणी मिळत असताना सीडी प्लेअर हवाच कशाला, असं मुलं विचारतात. त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण मोबाइल ज्याचा, तो त्याच्या खिशातून सकाळीच रांजणगावच्या कारखान्यात नाहीतर कॉलेजात जातो. तिन्हीसांजेला दिवा लावताना अभंग ऐकावासा वाटतो तो घरातल्या सासूबाईंना! कपाटात ‘गीतरामायणा’चा संच असतो, भीमसेन जोशींची ‘अभंगवाणी’ असते, वाड्यातल्या भजनाची घरी भरलेली एखादी सीडी असते, आणि जुना प्लेअर ‘नो डिस्क’ एवढंच म्हणून गप्प बसतो. आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात अशी तीन-चार घरं तरी मला ठाऊक आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, हातात चार-पाच हजार रुपये आहेत असं धरून चालू या.

सगळ्यात आधी जुना प्लेअर भंगारात देऊ नका. ‘नो डिस्क’ म्हणजे यंत्र मेलं असं नव्हे. पुष्कळदा आतल्या बारीकशा भिंगावर धूळ बसलेली असते, किंवा कप्पा बाहेर ढकलणारा रबरी पट्टा सैल झालेला असतो. आपल्याकडे फुफाटा काही कमी नाही! दुरुस्ती करणाऱ्याला एकदा दाखवा. भिंग पुसून काम भागलं तर नवीन खरेदीचा प्रश्नच मिटला.

नवीन घ्यायचाच तर एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून ठरवलेली ही सीडी 1982 साली बाजारात आली, आणि तिचं माप नि तिच्यावर आवाज साठवायची रीत तेव्हापासून तीच आहे. म्हणजे स्वस्त यंत्र आणि महाग यंत्र तबकडीवरचे तेच आकडे वाचतं. कानाला मोठा फरक जाणवतो तो स्पीकरमुळे. म्हणून डबा साधा असला तरी चालेल, पैसे स्पीकरला ठेवा.

दुकानदार ‘ताई, तीन हजार वॅट आहे’ म्हणाला की भुलू नका. हा बहुधा ‘पीएमपीओ’चा, क्षणभराचा आणि कागदावरचाच आकडा असतो. त्याला ‘आरएमएस किती?’ असं विचारा. तेही नको असेल तर यंत्र उलटं करून मागची पट्टी वाचा. आपला मिक्सर पाचशे वॅट खातो तेव्हा कुठे चटणी वाटतो. पंचवीस वॅट खाणारं यंत्र तीन हजार वॅटचा आवाज आणणार कुठून?

आता निवड. सगळ्यात स्वस्त पडतो तो साधा डीव्हीडी प्लेअर. त्यावर गाण्यांच्या सीडीही वाजतात. मात्र पुष्कळशा स्वस्त डीव्हीडी प्लेअरना गाण्याचा क्रमांक दाखवणारी खिडकीच नसते. कुठलं गाणं चाललंय ते बघायला टीव्ही लावावा लागतो, आणि टीव्ही मालिकेत अडकलेला असला की अभंग थांबले! घरात टीव्ही एकच असेल तर हा सौदा स्वस्तातला मुळीच नाही.

दुसरा पर्याय म्हणजे वरून झाकण उघडणारा, स्पीकर आणि रेडिओ अंगचेच असलेला संच. आपल्या जुन्या टू-इन-वनचा धाकटा भाऊ म्हणा ना. चांगल्या कंपनीचा नवा संच या पैशांत बसणं कठीण, पण वापरलेला मिळू शकतो. पुण्याला जाणं होणारच असेल तर तपकीर गल्लीत एक चक्कर मारा. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेला असेल तर त्यावरचे व्होल्ट आधी वाचा. अमेरिकेतली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. नुसती पिन बदलून तो लावला तर धूर निघेल. सेलवर चालतो म्हणून हुरळूनही जाऊ नका. तबकडी फिरवणारी मोटर आणि लेझर मिळून रेडिओपेक्षा कितीतरी लवकर सेल संपवतात.

तिसरा पर्याय 2017 साली आलेल्या सारेगामाच्या ‘कारवां’सारखा. गाणी आतच भरलेली, इंटरनेट नको, वयस्कर माणसाला सोपा. पण तुमच्या कपाटातल्या तबकड्या त्यात जात नाहीत. त्या आधी संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्या लागतील. कपाटात चार-पाचच सीडी असतील तर मी हेच सुचवीन. तीस-चाळीस असतील तर मात्र दुसरा पर्याय.

दुकानात जाताना घरच्या तीन सीडी बरोबर न्या: एक विकतची, एक घरी भरलेली, एक थोडी चरे पडलेली. तिन्ही वाजल्या पाहिजेत. वाजत असताना प्लग काढून पुन्हा लावायला सांगा. बरीच यंत्रं वीज गेली की पुन्हा पहिल्या गाण्यावर येतात. छप्पन्न गीतांचं ‘गीतरामायण’ ऐकताना हा किती वैताग होतो ते ज्याचं त्याला कळतं. आणि जमलं तर सासूबाईंनाच बरोबर न्या. बटणं त्यांना दाबू द्या, तुम्ही नको, दुकानदारही नको. चष्म्याशिवाय त्यांना ‘चालू’ आणि ‘बंद’ सापडलं तर यंत्र घ्या. नाहीतर त्या रोज सुनेची नाहीतर नातवाची वाट बघत बसतील.

घरी भरलेल्या तबकड्यांचं काम तर आजच करा. विकतच्या सीडीत आकडे कारखान्यात ठशाने उमटवलेले असतात, घरी भरलेल्या सीडीत ते रंगाच्या थरावर असतात, आणि ऊन व उष्णता लागून तो थर विटतो. सासऱ्यांच्या आवाजातलं भजन अशाच एखाद्या तबकडीवर असेल, तर प्लेअर यायच्या आधी त्याची नक्कल पेनड्राइव्हवर करून घ्या. ते बाजारात कुठे विकत मिळणार नाही.

पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, ताट पुसतो तसं गोल गोल नाही. आडव्या चऱ्यातून यंत्र बहुधा सावरून घेतं. गोल चरा मात्र गाण्याच्या वाटेनेच जातो, म्हणून तिथे अडखळतं. आणि नाव लिहायच्या बाजूवर टोकदार पेन चालवू नका, चकाकणारा थर त्याच बाजूला, अगदी वरवर असतो.