गळका रेडिएटर, रिकामा खिसा
आमची जुनी मारुती ८०० तुळजापूरचा घाट चढताना तापते. मित्रांनो, आधी थिअरी! रेडिएटरची टोपी साधारण ०.९ बार दाब धरते, म्हणून पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. गळती झाली की दाब जातो, पाणी लवकर उकळतं, हेड गॅस्केट जातं आणि शेकड्यांचा खर्च हजारांवर पोहोचतो.

म्हणून स्वस्तापासून सुरुवात करा: क्लिपा आवळा, टोपीचं रबर बघा, मग होज पाइप. वॉटर पंपाखाली ओल दिसली तर मात्र मेकॅनिकच गाठा. हळद टाकून बारीक भोक बुजतं खरं, पण नळ्याही तुंबतात. बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात; कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला. आणि इंजिन गरम असताना टोपी उघडू नका, प्लीज!